लिनक्सवर कृतीदेवमध्ये ‘आपला’ टाइप केलं की ‘टापला’ होतं, काय करू?

पारोळेकरीण

नमस्कार. आधीच सांगून ठेवते, कोणता लिनक्स चांगला आणि कोणता हलका हे मला विचारायचं नाहीये. जो टाकलाय तो टाकलाय. त्याच्यावर माझं काम निघायला पाहिजे, एवढंच.

पारोळ्याला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. वारस लावायचे अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, सोसायटीचे ठराव, बांधावरून झालेल्या भांडणाच्या तक्रारी, जे येईल ते. मराठी ४० ची परीक्षा मी मशीनवर दिलेली, त्यामुळे बोटं रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळफलकाची. नंतर कॉम्प्युटर आला, कृतीदेव फॉन्ट आला, आणि तो याच बोटांना बसला. तेव्हापासूनच्या सगळ्या नमुन्याच्या फाइली कृतीदेवमध्येच आहेत. गिऱ्हाईक उभं असतं, जुनी फाइल उघडायची, नाव-गाव-गट नंबर बदलायचा, प्रिंट काढायची. दुकान यावर चालतं.

लॅपटॉप पाचव्या पिढीचा आय-३ आहे, ८ जीबी रॅम, मागाहून एसएसडी टाकून घेतली. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो आमच्यासाठी नाहीच. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. अखाजीला भाचा आला, म्हणाला आत्या, याच्यावर लिनक्स मिंट टाकू, मस्त पळेल. रस-पुरणपोळी खाल्ली, विंडोजच्या बाजूला मिंट एक्सएफसीई टाकून दिला आणि गेला पुण्याला. पळतो मस्त, त्याबद्दल तक्रार नाही. फोन केला की म्हणतो, ‘आत्या, स्टँडअपमध्ये आहे.’ बसतं कोण, उभं कोण, मला काही कळून नाही राहिलं.

अडचण अशी. कृतीदेवची फाइल त्याने कॉपी करून दिली, जुन्या फाइली लिबरऑफिसमध्ये, म्हणजे मिंटवरच्या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, छान दिसतात. पण नवीन ओळ सुरू केली की पहिलं अक्षर बिघडतं. अर्जाच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहिते तर ‘टापला’ होतं. ‘मी’ लिहावं तर म चा काना जातो आणि अर्धा म् राहतो. ‘विश्वासू’ मधला अर्धा श् पण भलतंच काहीतरी होऊन बसतो. तेच ‘आपला’ ओळीच्या मध्ये लिहिलं तर बरोबर येतं! एक आजोबा अर्ज वाचून म्हणाले, बाई, हे टापला कोण?

शिवाय तीन बारीक गोष्टी. डी ड्राइव्हमधली फाइल उघडते पण तिथेच सेव्ह होत नाही. विंडोजमध्ये गेलं की घड्याळ मागे असतं, परवा साडेअकराला काढलेल्या प्रिंटवर सहा वाजले होते. आणि दुपारी लॅपटॉप फटकन बंद होतो. ही तिसरी लिनक्समुळे आहे का ते सांगा.

धुळे_टर्मिनल

ताई, मूळ प्रॉब्लेम कृतीदेव आहे. हा फॉन्ट आता कोणी वापरत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-वेबसाइट सगळीकडे चालतं त्या मराठीत, शिफ्ट व्हा, मोबाइलवर टाइप करतो तसं फोनेटिक शिका, आठ दिवसांत हात बसतो. आणि मिंटऐवजी आर्च लिनक्स टाकला असता तर लॅपटॉप अजून हलका झाला असता.

पारोळेकरीण

भाऊ, पहिलं वाक्य वाचलं नाही वाटतं तुम्ही.

कोणी वापरत नाही म्हणता, तर एकदा कचेरीच्या आवारात येऊन बघा. टेबलावर कागद जातो, फॉन्ट जात नाही. आणि फोनेटिक शिकायचं म्हणजे चाळीसच्या स्पीडवरून दहावर यायचं. तेवढ्यात गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन अर्ज देऊनही मोकळं होईल.

भुसावळचे नाना

ताई, ‘टापला’ वाचून आमच्या घरात सगळे हसले, पण तुम्ही अडचण इतकी नेमकी सांगितली की अर्धं काम तिथेच झालं. ओळीच्या सुरुवातीला बिघडतं, मध्ये बिघडत नाही. म्हणजे लिनक्सचा दोष नाही, फॉन्टचाही नाही. लिबरऑफिसची आगाऊ हुशारी आहे.

कृतीदेव हे यंत्राच्या लेखी मराठी नाहीच. भवाड्यात सोंग काढलेल्या माणसासारखं आहे ते, बाहेरून देव, आतून आपला शेजारचा तुकाराम. तुम्ही ‘आपला’ टाइप करता तेव्हा फाइलमध्ये व्ही, के, आय, वाय, के ही इंग्रजी अक्षरं बसतात. छोटा व्ही म्हणजे अ, त्याला के चा काना लागून आ. लिबरऑफिसला वाटतं कोणी इंग्रजी वाक्य सुरू केलं, म्हणून ते पहिला व्ही मोठा करतं. आणि कृतीदेवमध्ये मोठा व्ही म्हणजे ट. झाला टापला. तुमच्या ‘मी’ चं तेच. छोटा ई म्हणजे पूर्ण म, मोठा ई म्हणजे अर्धा. ‘पत्नी’, ‘कर्ज’, ‘वडील’ यांनी ओळ सुरू करून बघा, सगळ्यांची दांडी उडालेली दिसेल. ‘श्री’ मात्र बिघडत नसेल, कारण ते मुळातच मोठ्या जे ने सुरू होतं. बरोबर ना?

श् ची गोष्ट याच्याच शेजारची. अर्धा श् ज्या कळीवर आहे ती इंग्रजीतल्या एकेरी अवतरणाची. अर्धा ष् दुहेरीवर. लिबरऑफिस सरळ चिन्ह काढून त्या जागी वळणदार चिन्ह ठेवतं, आणि कृतीदेवमध्ये त्या वळणदार चिन्हाच्या जागी दुसरंच अक्षर आहे.

आता इलाज. टूल्स मेनूत ऑटोकरेक्ट ऑप्शन्स उघडा. त्यात ऑप्शन्स नावाचा टॅब आहे. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करा अशा अर्थाची ओळ आहे, तिच्यासमोर दोन चौकटी असतील, एक एम ची, एक टी ची. दोन्हीतल्या खुणा काढा. तिच्या जवळच सुरुवातीची दोन मोठी अक्षरं दुरुस्त करा अशी ओळ आहे, तीही काढा. कॅप्स लॉकची दिसली तर तीही. रिप्लेसमेंट टेबल वापरा ही पण काढाच, ती इंग्रजी स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करायची यादी आहे, तुमचा एखादा मराठी शब्द तिला इंग्रजी चूक वाटला तर गुपचूप बदलून ठेवेल. ओके करा.

कधी एखादा शब्द बदललाच तर लगेच कंट्रोल-झेड दाबा. शब्द जात नाही, फक्त त्याने केलेली दुरुस्ती मागे जाते.

लाल नागमोडी रेषांनी पान भरून जात असेल तर शिफ्ट आणि एफ७. छापून येत नाहीत त्या, पण डोळ्याला त्रास.

पारोळेकरीण

नाना, ‘आपला’ सुधरला! ‘मी’ पण. आणि हो, ‘श्री’ कधीच बिघडत नव्हतं, ते कसं ओळखलं म्हणत होते मी.

पण ‘विश्वासू’ अजून तसंच. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या खुणा काढल्या, परत परत बघितल्या.

भुसावळचे नाना

अवतरणाची खूण त्या टॅबमध्ये नाहीच, मीच पुढचं लिहायला विसरून चहाला उठलो असणार. त्याच खिडकीत लोकलाइज्ड ऑप्शन्स नावाचा टॅब आहे. तिथे एकेरी आणि दुहेरी अवतरणाचे दोन वेगळे कप्पे आहेत, दोन्हीत ‘रिप्लेस’ समोरची खूण काढा. त्याच्याही पलीकडे वर्ड कम्प्लिशन आहे, ते बंद केलेलं बरं, नाहीतर अर्धा शब्द टाइप झाल्यावर पुढचा आपणच सुचवत बसतं आणि एंटर दाबलं की तो घुसतो.

जे आधी बिघडून सेव्ह झालंय ते आपोआप नीट होणार नाही, तिथे अक्षर पुन्हा टाइप करा.

पारोळेकरीण

झालं. विश्वासू विश्वासू दिसू लागला.

शहाद्याच्या मॅडम

धुळ्याच्या दादांचं सगळंच टाकाऊ नाहीये, फक्त सांगायची पद्धत चुकली. ताई, कागदासाठी कृतीदेव ठेवा, पण ऑनलाइन फॉर्ममध्ये तो चालत नाही हे तुम्हालाही माहीत असेल. तिथे चिकटवलं की सोंग उतरतं आणि नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. शाळेच्या कामात आम्हाला रोज हेच.

त्यासाठी फोनेटिक शिकायची गरज नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ‘आयबस एम१७एन’ शोधून टाका. मेनूतल्या इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, एकदा लॉगआउट करून परत या. मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन मराठी जोडा, तिथे इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स अशा यादीत रेमिंग्टनही आहे. म्हणजे बोटं तुमचीच, पण पडद्यावर उमटतं ते खरं युनिकोड. जोडाक्षरांच्या काही कळा मला वेगळ्या वाटल्या, पण तुम्ही मशीनवरच्या आहात, माझ्यापेक्षा लवकर बसतील. वर पट्टीत चिन्ह येतं, तिथून इंग्रजी-मराठी अदलाबदल.

एकच जपा. कृतीदेव फॉन्ट निवडलेला असताना भाषा इंग्रजीवरच हवी, आणि युनिकोड लिहिताना फॉन्ट लोहित किंवा नोटो देवनागरी. उलटसुलट झालं की पानभर गिचमिड.

धुळे_टर्मिनल

रेमिंग्टन आहे हे मला माहीत नव्हतं. मॅडम, थँक्स. आर्चचं मागे घेतो 😄

ताई, जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलायला कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि पहिली वेलांटी नीट तपासा. ‘अर्ज’, ‘निर्णय’ असले शब्द तिथेच फसतात. नावं आणि गट नंबर तर मूळ कागद शेजारी ठेवूनच.

डी ड्राइव्हचं सांगतो. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असते. शटडाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह आपल्या ताब्यात ठेवतं. लिनक्स ते बघून फक्त वाचू देतं, लिहू देत नाही, आणि ते तुमच्या फाइलींच्या भल्यासाठीच आहे. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाने काय करायचं ते निवडा, तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढा. घाई असेल तर विंडोजमधून शटडाऊनऐवजी रीस्टार्ट करून मिंटमध्ये या, रीस्टार्टला ते पूर्ण बंद होतं.

भुसावळचे नाना

शाबास धुळे. घड्याळाचं मी सांगतो.

साडेअकराचे सहा, म्हणजे बरोबर साडेपाच तासांचा फरक. बॅटरी गेली असती तर असा हिशोबी फरक पडला नसता. लॅपटॉपच्या आतलं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर लावतं आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवतं. विंडोज तेच घड्याळ बघतं आणि ही भारतातली वेळ आहे असं धरून चालतं. मी रेल्वेत होतो, एका स्टेशनला दोन घड्याळं असली की काय होतं ते आम्हाला विचारा.

दोघांना एकाच वेळेवर आणायचं. मिंटमध्ये टर्मिनल उघडा, आणि इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइमडेटसीटीएल असं सलग लिहा, टाइमडेटच्या पुढे सीटीएल ही तीन अक्षरं. मग एक जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी, मधल्या दोन आडव्या रेघांसकट. परत जागा सोडून १ हा इंग्रजी आकडा. एंटर, पासवर्ड मागितला तर द्या. तो एक इशारा दाखवेल की ही पद्धत पूर्ण भरवशाची नाही, वगैरे. आपल्याकडे घड्याळ वर्षातून दोनदा मागे-पुढे करत नाहीत, त्यामुळे तो त्रास आपल्याला नाही. मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा नीट लावा.

बंद पडण्याचं दुसऱ्या कोणी सांगा, मला लॅपटॉप उघडता येत नाही. डोळे नाही राहिले आता तेवढे.

जळगाव_रिपेअर

काय व्हयनं ते मी सांगतो ताई 😀 तो लिनक्स नाही, आपला मे महिना आहे.

दोन प्रश्न. दुकान पत्र्याचं आहे का? आणि जवळपास कापसाचं जिनिंग आहे का?

पारोळेकरीण

पत्र्याचंच. जिनिंग मागच्या गल्लीत आहे. तुम्ही दुकान बघून गेलात का?

जळगाव_रिपेअर

नाही हो ताई. माझ्याकडे एरंडोल, धरणगाव, पारोळ्याकडून जे लॅपटॉप येतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या पंख्यात तेच निघतं. बाहेर ४४-४५, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि आत कापसाचा तंतू. साधी धूळ फुंकली तर उडते. तंतूचं तसं नाही, तो पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत थर धरून बसतो. जाळी बाहेरून स्वच्छ दिसते आणि आतून गादी भरलेली. हवा जायला वाटच राहत नाही. इंटेलची ही चिप साधारण १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवायला बंद होते. फटकन बंद होणं म्हणजे तेच.

खात्री करून घ्यायची असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘एलएम-सेन्सर्स’ टाका आणि टर्मिनलमध्ये नुसतं सेन्सर्स लिहा. सकाळी एकदा बघा, दुपारी काम चालू असताना एकदा बघा. दुपारी ९० च्या वर चाललं असेल तर साफ करायलाच हवा.

साफ करताना मागचं झाकण उघडून पंखा काढूनच साफ करायचा. बाहेरून ब्लोअर मारला तर तो थर अजून आत दाबला जातो, शिवाय हवेने पंखा भरमसाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. ब्लोअर मारायचाच तर पंख्याचं पातं काडीने अडवून धरा. उघडलाच आहे तर चिपवरची पेस्टही नवीन लावून घ्या, इतक्या वर्षांत ती वाळून खडू झाली असेल. गावात कोणी हात बसलेला असेल तर त्याच्याकडून घ्या, माझ्याकडेच या असं म्हणत नाही. काम समोर बसून करून घ्या म्हणजे झालं.

तोवर लॅपटॉप खाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवून उचलून घ्या, खालची हवा मोकळी. आणि ते रंगीत प्लास्टिकचं टेबलकव्हर काढा, असेलच ते.

पारोळेकरीण

आहे. गुलाबाच्या फुलांचं. काढते.

सेन्सर्स बघितलं, दुपारी चारला ९३ दाखवलं. बाजारपेठेत एक पोरगा आहे मोबाइलचा, तो लॅपटॉपही उघडतो. दुकान बंद झाल्यावर त्याच्याकडे घेऊन गेले. झाकण काढल्यावर त्याने चिमट्याने तो थर ओढला तर पट्टीसारखा सलग निघाला, पांढराशुभ्र, निरांजनाची वात वळता आली असती. पेस्टही नवीन लावली. आता दुपारी सत्तरच्या घरात असतं आणि बंद पडलेला नाही.

घड्याळ बरोबर झालं. डी ड्राइव्हवर सेव्ह होतंय. शहाद्याच्या मॅडमचं रेमिंग्टनही टाकलं, पण त्याला शांत वेळ पाहिजे. जून उजाडला की उत्पन्नाच्या दाखल्यांची आणि नॉन-क्रीमिलेअरची रांग लागते, त्याआधी हात बसवीन.

विंडोज पूर्ण काढणार नाही हेही सांगते, नाहीतर कोणीतरी सांगायला येईलच. डिजिटल सहीचं टोकन आणि अंगठ्याचं मशीन माझ्याकडे तिथेच चालतं. तेवढ्यापुरती तिकडे जाते, बाकी दिवसभर इकडे.

नाना, एकच राहिलं. आमच्या इथले बरेचसे कागद लीगल साइजवर जातात. लिबरऑफिस दर वेळी नवीन पान ए४ चं उघडतं आणि फॉन्टही आपला त्याच्या मनाचा. गिऱ्हाईक उभं असताना दर वेळी ते बदलत बसायचं का?

भुसावळचे नाना

नाही, एकदाच. नवीन पान उघडा. फॉरमॅट, पेज स्टाइल, तिथे कागद लीगल करा, डाव्या बाजूला फाइलला टोचायला जागा सोडा. मग एफ११ दाबून स्टाइलची यादी काढा, डीफॉल्ट पॅरेग्राफ स्टाइलवर उजवं बटण, एडिट, फॉन्टमध्ये वेस्टर्नच्या खाली कृतीदेव आणि तुमचा नेहमीचा आकार. वेस्टर्नच्याच खाली बरं का, तो यंत्राच्या लेखी इंग्रजी आहे ना. आशियाईच्या किंवा कॉम्प्लेक्सच्या कप्प्यात टाकलात तर काहीच होणार नाही आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

एवढं झालं की फाइल, टेम्प्लेट्स, सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट. नाव द्या, खालच्या चौकटीत ‘डीफॉल्ट टेम्प्लेट करा’ अशा अर्थाची खूण आहे ती करा. पुढच्या वेळेपासून नवीन पान लीगल आणि कृतीदेवचंच उघडेल. ए४ लागेल तेव्हा त्याचं दुसरं टेम्प्लेट वेगळ्या नावाने करून ठेवा.

प्रिंटरच्या खिडकीतही कागद लीगल दिसतोय का ते पहिल्या प्रिंटला बघून घ्या. तिथे ए४ राहिलं तर खालच्या ओळी कापल्या जातील, आणि त्या नेमक्या सहीच्या असतात.

पारोळेकरीण

झालं नाना. प्रिंटरच्या खिडकीत ए४ च होतं, बदललं. भारी.